मक्याच्या शेतातील मित्र कीटक : ओळख आणि जतन

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. राहाता तालुक्यातील एक शेतकरी सकाळीच महाविद्यालयात आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मक्याची चार-पाच पाने आणि त्या पानांवर काळपट रंगाच्या, पाठीवर नारिंगी ठिपके असलेल्या, सुसरीसारख्या दिसणाऱ्या बारीक अळ्या. "सर, ही नवीन कीड कोणती? काल एक फवारा मारला, तरी आज सात-आठ सापडल्या," असे त्यांनी विचारले. त्या अळ्या किडीच्या नव्हत्या. त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. मक्याच्या तुऱ्यावरील मावा खाण्यासाठी त्या आपण होऊन शेतात आल्या होत्या, पंपाचे भाडे नाही, मजुरी नाही. हे सांगितल्यावर ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "मग मी काल आपलीच माणसे मारली म्हणायची."

हा अनुभव एकट्या त्यांचा नाही. शेतात किडा दिसला म्हणजे ती कीडच, आणि कीड दिसली म्हणजे फवारा, ही सवय आपल्याकडे पक्की झाली आहे. प्रस्तुत लेखात मका पिकातील किडी, त्यांचे नैसर्गिक शत्रू, ते ओळखण्याच्या खुणा आणि त्यांचे जतन करण्यासाठी करावयाच्या गोष्टी यांची माहिती दिली आहे. कीटकशास्त्र हा माझा मूळ विषय नव्हे, मी कृषिविद्या शिकवितो. परंतु पेरणीची वेळ, आंतरपीक, बांध आणि खताची मात्रा या कृषिविद्येतील गोष्टींवरच मित्र कीटकांचे जगणे अवलंबून असते, म्हणून हा विषय मांडत आहे.

जिल्ह्यातील मका आणि बदललेली परिस्थिती

अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) मक्याला दुहेरी महत्त्व आहे. एक धान्यासाठी आणि दुसरे जनावरांच्या वैरणीसाठी. प्रवरा, मुळा व गोदावरीच्या लाभक्षेत्रातील संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी आणि नेवासा या तालुक्यांत दुग्धव्यवसाय वाढला, तसा हिरव्या वैरणीचा आणि मुरघासाचा मकाही वाढला. गोठ्यावर दहा-बारा गाई असलेला शेतकरी वैरण खंडू नये म्हणून महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने मक्याचे तुकडे पेरतो. त्यामुळे शिवारात बारा महिने कोठे ना कोठे कोवळा मका उभा असतो. गाईंची सोय होते, पण किडीचीही सोय होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे अमेरिकन लष्करी अळी. ही कीड मूळची अमेरिका खंडातील उष्ण भागातील. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत आढळली आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर तिची नोंद झाली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. तोपर्यंत मक्याला क्वचितच फवारा लागत असे. त्यानंतर मात्र पंप पाठीवरून उतरेनासा झाला. वैरणीच्या मक्यावर वारंवार फवारे झाले, तर त्याचा परिणाम मित्र कीटकांवर होतोच. शिवाय तोच पाला चार दिवसांनी गव्हाणीत पडतो, ही बाब दूध उत्पादकांनी विसरू नये.

मक्यावरील किडी थोडक्यात

१) अमेरिकन लष्करी अळी : अळीच्या डोक्यावर इंग्रजी उलट्या 'वाय' अक्षरासारखी फिकट खूण आणि शेपटीकडील शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात मांडल्यासारखे चार काळे ठिपके असतात. लहान अळ्या पानाचा हिरवा पापुद्रा खरवडतात, त्यामुळे पानावर पांढऱ्या खिडक्या दिसतात. मोठ्या अळ्या पोंग्यात शिरून पाने कुरतडतात. पोंगा ओल्या लाकडी भुशासारख्या विष्ठेने भरतो.

२) खोडकिडा : अळी पोंग्यातील पाने खाते. पाने उलगडल्यावर त्यांवर एका ओळीत छिद्रे दिसतात. पुढे अळी खोडात शिरते व कोवळ्या रोपाचा गाभा मरतो, यालाच पोंगेमर म्हणतात. रब्बी हंगामात गुलाबी खोडकिडाही आढळतो.

३) मावा : तुरा बाहेर पडताना पोंग्यात, तुऱ्यावर व वरच्या पानांवर हिरवट-निळसर माव्याच्या वसाहती दिसतात.

४) कणसे पोखरणारी अळी : हरभऱ्यावरील घाटेअळी हीच. ती कणसाचे केस व टोकाकडील कोवळे दाणे खाते.

यांशिवाय मक्याच्या शेतात दिसणारे बहुसंख्य कीटक पिकाला कोणताही त्रास देत नाहीत. काही परागकण गोळा करणाऱ्या मधमाश्या असतात, काही कुजलेल्या पालापाचोळ्यावर जगणारे असतात, काही नुसते विसाव्याला आलेले असतात आणि उरलेले आपले मित्र असतात.

निसर्गाचा हिशेब

लष्करी अळीची एक मादी आयुष्यात सुमारे एक हजार किंवा त्याहून अधिक अंडी घालते. समजा, एक हजारच धरली. या हजारांपैकी शेवटी एक नर आणि एक मादी असे दोनच पतंग तयार झाले, तर किडीची संख्या होती तेवढीच राहते. म्हणजे ९९८ जीव वाटेत मरावे लागतात. आता दोनऐवजी सहा वाचले असे समजा. हजारात चार जास्त, म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण मग प्रत्येक पिढीला संख्या तिप्पट होते. उष्ण हवामानात या किडीची एक पिढी साधारण एका महिन्यात पूर्ण होते. म्हणजे तीन महिन्यांत एकाच्या सत्तावीस.

या ९९८ जिवांना मारतो कोण? काही पावसाने धुऊन जातात, काही अळ्या एकमेकींना खातात, कारण मोठी लष्करी अळी आपल्याच जातीच्या अळीला सोडत नाही. राहिलेल्यांपैकी फार मोठा वाटा मित्र कीटक, कोळी, पक्षी आणि रोगजंतू उचलतात. आपला फवारा हा या कामावर असलेल्या मंडळींच्या जोडीला हवा. त्यांना कामावरून काढून टाकणारा फवारा आपल्याच अंगावर येतो.

मित्र कीटकांची ओळख

अ) अंडी मारणारे परोपजीवी कीटक

ट्रायकोग्रामा ही अर्धा मिलिमीटर लांबीची गांधीलमाशीच्या कुळातील इवलीशी माशी आहे. ती किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. तिची अळी आतील भाग खाऊन टाकते व आठ-दहा दिवसांनी अंड्यातून किडीच्या अळीऐवजी ट्रायकोग्रामा बाहेर पडते. परोपजीवी झालेले अंडे तीन-चार दिवसांत काळे पडते. पानावर काळी पडलेली अंडी दिसली, तर ती चिरडू नयेत.

लष्करी अळीचा अंडीपुंज मात्र थरांचा असतो आणि त्यावर मादीच्या अंगावरील केसांचे आवरण असते. ट्रायकोग्रामाला वरचा थर साधतो, खालचा थर कठीण जातो. टेलेनोमस रेमस ही दुसरी छोटी काळी माशी मात्र खालच्या थरापर्यंत पोहोचते. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोच्या शास्त्रज्ञांना २०१८ मध्येच, म्हणजे ही कीड देशात दिसली त्याच वर्षी, कर्नाटकातील मक्यावर टेलेनोमस व ट्रायकोग्रामा या दोन्ही प्रकारच्या माश्या तिच्या अंड्यांवर आढळल्या. परदेशी कीड आली तरी तिला ओळखणारे शत्रू आपल्या शेतात आधीपासून होते, हा याचा अर्थ.

ब) अळीवरील परोपजीवी कीटक

कॅम्पोलेटिस क्लोरिडी ही सडपातळ माशी लहान अळीच्या शरीरात अंडे घालते. घाटेअळीवर ती आपल्याकडे पूर्वीपासून आहे, लष्करी अळीवरही ती आढळली आहे. पानावर मेलेल्या अळीच्या कातडीला लागून एखादा लहानसा करडा कोष चिकटलेला दिसला, तर तो बहुधा तिचा असतो. खोडकिड्याच्या अळीवर कोटेशिया फ्लॅव्हिपस ही माशी उपजीविका करते. खोड चिरल्यावर अळीच्या शेजारी पांढऱ्या कापसाच्या दाण्यांसारखे कोषांचे पुंजके दिसतात. अनेकजण ही किडीची अंडी समजून चुरडतात. प्रत्यक्षात त्या प्रत्येक दाण्यातून एक मित्र कीटक बाहेर पडणार असतो.

क) परभक्षी कीटक

ढालकिडा : अर्ध्या मसुराच्या आकाराचा, लाल-नारिंगी पाठीचा, पाठीवर काळे ठिपके किंवा नागमोडी पट्टे असलेला. प्रौढाला बहुतेक शेतकरी ओळखतात, पण त्याची अळी ओळखत नाहीत आणि घोटाळा येथेच होतो. अंडी पिवळी, उभी, पुंजक्याने घातलेली असतात. अळी काळपट, लांबट, सहा पायांची व चपळ असते. कोष पानाला चिकटलेला, हालचाल न करणारा असतो. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. अळी व प्रौढ दोन्ही मावा खातात आणि किडींची अंडी व नुकत्या जन्मलेल्या अळ्याही खातात. मावा नसेल तेव्हा प्रौढ मक्याच्या परागकणांवर दिवस काढतो.

क्रायसोपा : हिरव्या अंगाचा, जाळीदार पंखांचा नाजूक कीटक. याची अंडी केसासारख्या पांढऱ्या देठाच्या टोकावर एक-एक असतात. पानावर बुरशी उगवली की काय, असे वाटते. याची अळी मावा, फुलकिडे, अंडी आणि लहान अळ्यांमधील रस शोषून घेते.

सिरफीड माशी : पिवळे-काळे पट्टे असलेली, हवेत एका जागी तरंगणारी माशी. तिची अळी बिनपायाची, जळवेसारखी व हिरवट असून माव्याच्या वसाहतीत बसून मावा खाते.

इअरविग : शेपटीला चिमटा असलेला तपकिरी, चपटा किडा. तो दिवसा पोंग्यात दडून बसतो. पोंग्यात दिसतो म्हणून शेतकरी त्याला कीड समजतात. लष्करी अळी ज्या पोंग्यात लपते, तेथेच शिरून तिची अंडी व लहान अळ्या खाणारा हा मित्र आहे.

यांखेरीज अळीला सोंडेने भोसकून रस शोषणारे परभक्षी ढेकूण, कणसाच्या केसांत राहून किडीची अंडी खाणारा ओरियस हा बारीक ढेकूण, प्रार्थना कीटक, चतुर, मुंग्या, जमिनीवर फिरणारे भुंगेरे आणि सर्व प्रकारचे कोळी हेही आपल्याच बाजूचे आहेत.

ड) रोगजंतू

खरिपात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस व ढगाळ हवामान असताना काही अळ्या पानाला चिकटून ताठ झालेल्या, आधी पांढऱ्या व नंतर फिकट हिरव्या पावडरीने माखलेल्या दिसतात. हा मेटारायझियम रिलाई, म्हणजे पूर्वीचे नाव नोमुरिया रिलाई, या बुरशीचा प्रभाव होय. काही अळ्या पानावर उलट्या लटकून त्यांचे पाणी झालेले दिसते, तो विषाणूचा रोग असतो. अशा अळ्या शेतात तशाच राहू द्याव्यात. त्यांच्यापासून रोग इतर अळ्यांना लागतो.

फवाऱ्याचा घाव आधी कोणावर?

मोठी लष्करी अळी पोंग्याच्या तळाशी, विष्ठेच्या बुचाखाली बसलेली असते. ढालकिडा, कोळी, परोपजीवी माश्या पानाच्या उघड्या भागावर फिरत असतात. पानावर पडलेले औषध प्रथम त्यांना लागते. शिवाय लष्करी अळीचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकतो. फवारा झालेल्या शेतात कीड बाहेरून लगेच येते. मित्र कीटक मात्र भक्ष्य आल्यानंतर येतात आणि त्यांची संख्या सावकाश वाढते. मधल्या काळात किडीला मोकळे रान मिळते.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण पटले ते घरच्या शेतात. २०१९ च्या खरिपात आमच्या वैरणीच्या मक्यावर लष्करी अळी आली. मीही घाबरलो. पोंग्यात किती झाडांवर अळी आहे, हे न मोजता पंधरा दिवसांत तीन फवारे घेतले. तिसऱ्या फवाऱ्यानंतर तुरे माव्याने चिकट झाले आणि संपूर्ण तुकड्यात ढालकिडा औषधालाही दिसेना. शेजारच्या बांधापलीकडे एकही फवारा न घेतलेला मका होता, तेथे पाने फाटलेली होती, पण मावा नव्हता. त्या दिवशी आईने विचारले, "हा मका गाईंना किती दिवसांनी घालायचा रे?" मला तात्काळ उत्तर देता आले नाही. बाटलीवरचे लेबल मी फवारण्याआधी वाचायला हवे होते, ते फवारल्यानंतर वाचत होतो. शिकविणाऱ्या माणसाची ही चूक आहे, म्हणूनच ती येथे लिहीत आहे.

उसावरील लोकरी माव्याचा धडा

जिल्ह्यातील ऊस उत्पादकांना २००२ नंतरची दोन-तीन वर्षे आठवत असतील. २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला आणि पाने पांढरी, त्याखालची पाने काळी पडू लागली. डोक्यापेक्षा उंच उसात शिरून फवारणी करणे जिकिरीचे होते. त्या संकटात उपयोगी पडले ते डिफा अॅफिडिव्होरा या मित्र कीटकाची अळी आणि मायक्रोमस हा क्रायसोपाच्या नात्यातील कीटक. शेतकऱ्यांनी मित्र कीटक असलेली पाने एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन बांधली. ईशान्य भारतातून एन्कार्शिया ही परोपजीवी माशीही आणली गेली. पुढे लोकरी मावा आटोक्यात राहिला. उसावरील पाकोळीच्या, म्हणजे पायरिलाच्या बाबतीत एपिरिकॅनिया या परोपजीवीने हेच काम केले आहे. उसात जे पटले, ते मक्यात पटायला हरकत नसावी.

शेत कसे पाहावे?

फवारणीचा निर्णय दुकानाच्या काउंटरवर घेऊ नये. तो बांधाच्या आत घ्यावा. त्यासाठी पुढील सोपी पद्धत वापरावी.

१) उगवणीनंतर आठवड्यातून दोन वेळा, सकाळी ऊन चढण्यापूर्वी शेतात जावे.
२) कडेच्या ओळी सोडून शेतात नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबावे. प्रत्येक ठिकाणी ओळीने २० झाडे पाहावीत. म्हणजे एकूण १०० झाडे होतात व टक्केवारी काढण्याचा त्रास राहत नाही.
३) प्रत्येक झाडाचा पोंगा, पानाची खालची बाजू व तुरा पाहावा. ताजी विष्ठा किंवा जिवंत अळी असलेले झाडच प्रादुर्भावग्रस्त धरावे. जुनी भोके मोजू नयेत. अळी निघून गेलेली असते, भोक तेवढे राहते.
४) वहीत दोन रकाने करावेत. एकात किडी, दुसऱ्यात मित्र कीटक. ढालकिडे, त्यांच्या अळ्या, कोळी, इअरविग, देठावरची अंडी, काळी पडलेली अंडी, रोगाने मेलेल्या अळ्या, सारे दुसऱ्या रकान्यात लिहावे.
५) शंका आल्यास कीटक औषधाच्या नव्हे, काचेच्या रिकाम्या बाटलीत घालावा. सोबत मावा असलेले पान टाकावे. दुसऱ्या दिवशी मावा संपला असेल तर तो मित्र, पान कुरतडले असेल तर शत्रू. ही परीक्षा शाळेत जाणारे मूलही करू शकते.

उगवणीपासून तीन-चार आठवड्यांपर्यंत शंभरात ५ झाडे, पाच ते सात आठवड्यांच्या पिकात मधल्या पोंगा अवस्थेत १० झाडे आणि उशिराच्या पोंगा अवस्थेत २० झाडे ग्रस्त आढळल्यास उपाययोजना करावी. त्याखाली प्रमाण असेल आणि दुसरा रकाना भरलेला असेल, तर तीन दिवस थांबून पुन्हा मोजावे. मक्याचे पीक पोंग्यातील काही पाने फाटली तरी ती नुकसान भरून काढते, फक्त वाढीचा कोंब सुरक्षित राहिला पाहिजे.

मित्र कीटकांच्या जतनासाठी काय करावे?

१) शिवारात एकाच वेळी पेरणी : धान्याच्या मक्याची पेरणी गावाने शक्यतो एकाच पंधरवड्यात उरकावी. वैरणीच्या तुकड्यांची संख्या कमी करून त्यांची जागा फुले जयवंत हे संकरित गवत व लसूणघास यांना द्यावी. मुरघास एकदाच करून ठेवल्यास सारखा कोवळा मका ठेवण्याची गरज राहत नाही.

२) आंतरपीक : मक्यात तूर, उडीद, मूग किंवा चवळी घ्यावी. चवळीवरील माव्यावर ढालकिडा आधीच पोसला जातो आणि मक्याला गरज लागताच तेथे जातो. मक्याचा मावा व चवळीचा मावा वेगळ्या जातीचे आहेत, त्यामुळे चवळीचा मावा मक्याला लागत नाही.

३) फुलांचा बांध : परोपजीवी माश्यांना जगण्यासाठी मकरंद लागतो. मक्याच्या फुलात मकरंद नसतो. म्हणून बांधाच्या कडेला कोथिंबीर, बडीशेप, तीळ, झेंडू यांच्या एक-दोन ओळी टाकाव्यात. कोथिंबीर कापून संपवू नये, थोडी फुलावर जाऊ द्यावी. बांध जाळू नयेत.

४) नत्राची मात्रा बेताची : युरिया एकदम न देता माती परीक्षणानुसार विभागून द्यावा. अति नत्राने पाने लुसलुशीत होतात व त्यावर मावा आणि अळी दोन्ही वाढतात.

५) खोल नांगरट : लष्करी अळी जमिनीत दोन ते आठ सेंटिमीटर खोलीवर कोषात जाते. नांगरटीमुळे कोष उघडे पडतात व साळुंकी, बगळे, कोतवाल ते टिपतात. पीक लहान असताना शेतात पक्षी थांबे लावावेत.

६) कामगंध सापळे : एकरी ५ सापळे पिकाच्या उंचीच्या थोडे वर टांगावेत. पतंग सापडू लागले म्हणजे अंडी घालण्यास सुरुवात होत आहे, असे समजावे.

७) ट्रायकोकार्ड : पतंग सापडू लागताच एकरी ५० हजार ट्रायकोग्रामा किंवा टेलेनोमस, आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा सोडावेत. कार्डाचे तुकडे करून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूस टाचावेत. कार्ड लावण्यापूर्वी व नंतर आठवडाभर रासायनिक फवारणी करू नये, अन्यथा कार्डाचे पैसे पाण्यात जातात.

८) हाताने वेचणी : केसाळ अंडीपुंज दिसला व तो काळा पडलेला नसेल, तर पानासह तोडून नष्ट करावा. एका पुंजात शंभर-दोनशे अंडी असतात, म्हणजे एका चिमटीत तेवढ्या अळ्या थांबतात. पहिल्या महिन्यात पोंग्यात वाळू व चुना ९:१ प्रमाणात मिसळून चिमूटभर टाकल्यास अळीचा उपद्रव कमी होतो.

फवारणीची वेळ आलीच तर

मित्र कीटक सर्व प्रसंगी पुरे पडतील, असा दावा करणे योग्य होणार नाही. आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली, की बुरशीचा रोग मंदावतो व कोवळ्या मक्यावर अळी वाढते. पहिले तीस दिवस डोळ्यांत तेल घालून पाहणे आवश्यक आहे. नुकसानीची पातळी ओलांडल्यास पुढील क्रमाने जावे.

प्रथम ५ टक्के निंबोळी अर्क किंवा १५०० पीपीएम अॅझाडिरॅक्टिन ५ मि.ली. प्रति लिटर पाण्यातून फवारावे. निंबोळी अर्कासाठी ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, त्यात साबणाचे पाणी घालून १०० लिटर द्रावण करावे. हवेत ओलावा असल्यास मेटारायझियम अॅनिसोप्ली ५ ग्रॅम प्रति लिटर प्रमाणे संध्याकाळी पोंग्यात जाईल असे फवारावे. यानंतरही प्रमाण वाढत असल्यासच मका पिकासाठी शिफारस असलेले रासायनिक कीटकनाशक जवळच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने निवडावे. जिल्ह्यात बाभळेश्वर व दहिगाव-ने येथे अशी केंद्रे आहेत. नोझल पोंग्यावर धरावे, सगळा पाला भिजविण्याची गरज नाही. दोन-तीन औषधे मनाने एकत्र मिसळू नयेत. लेबलवरील प्रतीक्षा काळ फवारणीआधी वाचावा व तोपर्यंत तो पाला जनावरांना घालू नये. वैरणीसाठी घेतलेल्या मक्यावर रासायनिक फवारा टाळणेच इष्ट.

तुरा बाहेर पडल्यावर रासायनिक फवारणी करू नये. त्या वेळी परागकण गोळा करण्यासाठी मधमाश्या व ढालकिडे शेतात असतात, आणि कणसात शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोहोचत नाही. खर्चही परवडत नाही.

शेवटी

सुरुवातीला उल्लेख केलेले शेतकरी पुढच्या हंगामात पुन्हा आले. या वेळी हातात पिशवी नव्हती, झाकणाला भोके पाडलेली काचेची बाटली होती आणि आतील कीटक जिवंत होता. त्यांनी एवढेच विचारले, "सर, हा आपला, का त्यांचा?" तो एक तरुण इअरविग होता. आपला होता. त्यांनी बाटली जपून परत नेली व ज्या पोंग्यातून तो काढला होता, त्याच ओळीत सोडला.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, येत्या हंगामात पंप भरण्यापूर्वी शंभर झाडे पाहावीत, वहीत दोन रकाने करावेत आणि दिसलेल्या प्रत्येक किड्याला हा एक प्रश्न विचारावा. शंका असल्यास कीटक बाटलीत घेऊन विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात यावे. ओळख पटविण्यास पैसे लागत नाहीत, आणि एक वाचलेला फवारा म्हणजे वाचलेले मित्र, वाचलेला खर्च आणि गाईच्या पुढ्यात निर्धास्तपणे टाकता येणारी वैरण होय.